बिरोबा खाली आला

आधीच सांगतो, मी तात्याबा लय तापट माणूस. मेंढरांवर वरडून वरडून तोंडाला लगाम ऱ्हायला न्हाई. तरी एक गोष्ट मी चार वर्सं पोटात ठेवली, अन् ती बी देवाची.

माझ्या आज्याच्या काळात आमच्या ओढ्याला महापूर आला हुता. पाणी चढत चढत टेकाडावर जिथं थांबलं, तिथल्या धोंड्याला लोकांनी शेंदूर फासला अन् बिरोबा म्हणून पुजला. माझी आई, हरणाबाई, दर आयतवारी तिथं भंडारा वाहायला जायाची. पुढं तिचं गुडघं धरलं. अर्ध्या वाटंत बसायची अन् वर बघून रडायची. मला ते बघवंना. एक दिस सगळी वस्ती बाजाराला गेलेली बघून मी बिरोबाला पाठीवर घेतलं, अन् दीड पुरुस, म्हंजे दीड माणसाच्या उंचीएवढं खाली, लिंबाच्या सावलीत आणून ठेवलं.

दुसऱ्या दिशी म्हातारी नाचायचीच बाकी ऱ्हायली. "अगं बया! देव माझ्यासाठी खाली आला!" घरोघर सांगत हिंडली. लोकांनी निवद केला. आता ह्यात मी काय बोलणार? मी बी पुरणपोळी खाल्ली.

मग एकोणपन्नास साली सांगलीहून सरकारी पुलाचं काम आलं. ठेकेदार मलकापूरचा लालासाहेब. कामावर नजर ठेवायला ओव्हरशीर नाथाजीराव, अगदी थंड डोक्याचा माणूस. मी रोजावर लागलो.

"पुराचं पाणी कुठवर आलं होतं?" ओव्हरशीरानं इचारलं.

"बिरोबाच्या पायापातूर!" दहा तोंडांनी एकच जबाब.

त्यानं मलाच पट्ट्यापट्ट्यांची काठी घेऊन देवापाशी उभं केलं, दुर्बिणीतनं बघितलं, आकडा लिहिला. त्या आकड्यावर पुलाची उंची ठरली. नकाशा सांगलीला जाऊन मंजूर होऊन बी आला. मी आमच्या पंचाला, भाऊसोला, हळूच म्हणालो, "आवं, पाणी आलं तवा देव वर हुता की."

"देव खाली आला म्हंजे पाणी बी आता खालीच थांबणार," भाऊसो गुरकावला. "तुला देवापरीस जास्त कळतंय व्हय?"

मी काठी उचलून कामाला लागलो.

खांब कमरंएवढं झालं. एका सकाळी ओव्हरशीरानं दगडांच्या फटीत चाकू खुपसला. चुना भुसभुशीत निघाला, रांगोळीवाणी सांडला.

"बैलाच्या घाणीत चुना किती मळला?"

लालासाहेब डोकं खाजवीत म्हणाला, "बैल लंगडत हुता सायेब. फेरं जरा कमी झालं. पण आत काय हाय ते कुणाला दिसतंय?"

"पाण्याला दिसतं. पाडा हे."

आवाज चढवला न्हाई, काय न्हाई. आमी टिकाव घेतलं. दोन घाव घातलं अन् माझा हात थांबला. चुना कितीबी मळा, पूलच बुडायचा हुता. त्यावरनं गाड्या जाणार, बायाबापड्या जाणार, अन् सगळं माझ्या लबाडीवर उभं. बोलावं, तर आईचा देव जायाचा. ती तिथंच लिंबाखाली बसून बिरोबाचा धोंडा पदरानं पुसत हुती.

मी टिकाव फेकला. "सायेब, ती खूण खोटी हाय! देव वरनं मीच आणलाय."

"मेलो रं गड्या!" लालासाहेबानं डोक्याला हात लावला. भाऊसो काठी घेऊन अंगावर आला. "देवाला हात लावलास? भाड्या!"

ओव्हरशीर मधी उभा ऱ्हायला. "थांबा. तात्याबा, आधी जागा दाखव."

मी वर चढलो. धोंड्याचा खळगा गवताखाली तसाच हुता. त्यानं परत मोजमाप घेतलं अन् जुन्या आकड्यावर काट मारली. "काम बंद ठेवा, लालासाहेब. नकाशा फिरून सांगलीला जाईल. पूल दीड पुरुस वर घ्यावा लागणार."

भाऊसो मला म्हणाला, "जसा आणलास तसाच नेऊन ठेव. आत्ताच्या आत्ता."

मी लिंबाखाली आलो. आईकडं बघायचा धीर हुईना. खाली वाकलो तसा तिनं माझा हात धरला.

"म्हंजे चार वर्सं मी समद्यास्नी सांगत हिंडले, ते..."

"व्हय, आये. खोटं हुतं."

ती धोंड्याकडं बघत ऱ्हायली, मग माझ्याकडं. आता तळतळाट देणार, असं मला वाटलं.

"एवढा जड धोंडा," ती म्हणाली. "तवा कंबर दुखली न्हाई का रं तुझी?"

मी देव पाठीवर घेतला, वर नेला, खळग्यात बसवला. तसाच माघारी आलो अन् तिच्यापुढं पाठ करून उकिडवा बसलो.

"बस पाठीवर," मी वरडलो. रडू येत हुतं म्हणून वरडलो. "भंडारा घेतलास का न्हाई?"