पेटी बाहेर निघाली

मल्लप्पांची पेटी घराबाहेर निघाली की बाळीवेशीतल्या त्या बोळात लोक उभे राहत. कुणी टोपी सारखी करी, कुणी हात जोडी, आणि मग हलक्या आवाजात विचारी, "कोण गेलं, मास्तर?"

याचं मल्लप्पांना आता काही वाटेनासं झालं होतं. त्यांचं भजनी मंडळ एके काळी सोमवारी मठात बसायचं, श्रावणात घरोघरी जायचं. पुढे माणसं गळत गेली. सणासमारंभाला साऊंडवाले येऊ लागले आणि मंडळाला बोलावणं उरलं ते फक्त मयताच्या घरचं. तिथे मात्र मंडळावाचून अडायचं. समाजाच्या रीतीप्रमाणे भिंतीला टेकवून बसवलेला देह, कपाळावर विभूती, गळ्यात हार आणि समोर मल्लप्पांची पेटी, हे सगळं लोकांच्या डोळ्यांत एकत्रच बसलं होतं.

स्वतःच्या गाण्याबद्दल मल्लप्पांचं मत फारसं चांगलं नव्हतं. लोक मास्तर म्हणत असले तरी ते शाळेत कारकून होते, आणि इतक्या वर्षांत शाळेच्या एकाही स्नेहसंमेलनात त्यांना कुणी पेटीवर बसवलं नव्हतं. मयताच्या घरी सुराला कोणी नावं ठेवत नाही, म्हणून आपलं चाललंय, असं त्यांना मनातून वाटे. "तुमचं भजन ऐकलं आणि मन शांत झालं," असं कुणी म्हणालं की ते खाली बघत. मन भजनाने शांत झालं की रडून रडून दमल्यामुळे, हे कसं ठरवायचं?

अशात एके दिवशी सकाळी वैजयंतीचा फोन आला. "मामा, आज पेटी घेऊन या की."

वैजयंती म्हणजे गुरम्माची सून, आणि गुरम्मा म्हणजे मल्लप्पांची थोरली बहीण. बाथरूममध्ये पाय घसरून गुरम्माचं मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, पण घरी आल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. खाणं दोन घास, बोलणं त्याहून कमी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता उठून बसल्या, पाय टाकला तर चालतील. अशाच पडून राहिल्या तर मग कायमचं अंथरूण.

"मोबाईलवर वाचलंय मी," वैजयंती म्हणाली. "गाण्यानं माणसाची उमेद परत येती. डॉक्टरपण म्हणाले, करून बघा."

"रेडिओ लाव की मग."

"लावला. आत्या म्हणाल्या, बंद कर."

"अगं, माझी पेटी कशासाठी बाहेर निघते ते तुला माहीत आहे ना?"

"मला न्हाय त्याचं काय वाटत. तुमी भाऊ हाव की त्यांचे!"

मल्लप्पांना मात्र वाटत होतं. आपला आवाज ऐकून अक्काला वाटलं, झालं, आता आलेच हे, तर? आहे तेवढी उमेदही जायची. म्हणून त्यांनी ठरवलं, नेहमीचं पद म्हणायचंच नाही. त्याऐवजी एखादा पाळणा म्हणावा. दार लावून त्यांनी पेटीवर पाळणा धरून पाहिला. दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीला बोटं आपोआप त्या नेहमीच्या पदाच्या वाटेला लागली, जशी सायकल सवयीने शाळेकडे वळायची. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तसंच झालं.

शेवटी त्यांनी पेटी एका चादरीत गुंडाळली, कुणाला दिसू नये म्हणून, आणि स्कूटरवर पायापाशी ठेवली. पण बोळातल्या लोकांना ती चादरीतूनही ओळखू आली. कोपऱ्यावरचा फुलवाला सिद्धेश्वर हातातला हार ठेवून पुढे आला.

"कोण, मास्तर?"

"कुणी नाही."

"कुणी न्हाय कसं? कुटं निघालाव मग?"

"अक्काकडे," मल्लप्पा म्हणाले. सिद्धेश्वरचा हात छातीकडे गेलेला पाहून आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. "बरी आहे ती," असंही ते म्हणाले, पण तोवर स्कूटर सुरू झाली होती आणि त्यांचा आवाज मुळातच बेताचा.

गुरम्माचं घर सात रस्त्याच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. पेटी वर नेऊन दम खाईपर्यंत वैजयंतीने सतरंजी अंथरली. गुरम्मा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. पांढऱ्या केसांची बारीक गाठ तेवढी दिसत होती.

"अक्का, मी आलोय."

"हूं."

"पाळणा म्हणू का एखादा?"

मल्लप्पांनी पाळणा धरला. दोन ओळी गेल्या, आणि तिसऱ्या ओळीला व्हायचं तेच झालं. त्यांच्या ते लक्षात आलं, पण मध्येच थांबलं तर आणखी वाईट दिसेल असं वाटून ते पुढे म्हणत राहिले. देह म्हणजे भाड्याचं घर, एक दिवस किल्ली परत करायची, अशा अर्थाचं ते पद होतं. मंडळ म्हणायचं त्याच लयीत, एकेक अक्षर ओढत, त्यांनी ते म्हटलं. गुरम्मा हलली नाही. वैजयंती दाराला टेकून उभी होती. तिचाही चेहरा उतरत चालला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नुसती वाजली नाहीत, पुष्कळ वाजली.

"अक्का गं! न सांगता गेलीस की गं!"

दार उघडंच होतं. मावसबहीण नीलव्वा तोंडाला पदर लावून आत शिरली. तिच्या मागे बोळातली पांढऱ्या टोप्यांची चार-पाच माणसं, त्यांच्या मागे हार घेतलेला सिद्धेश्वर. समोर जे दिसलं त्यात शंकेला जागाच नव्हती. अंथरुणावर न हलणारी गुरम्मा, पुढ्यात मल्लप्पा, आणि तेच पद. नीलव्वा धावली आणि तिने पलंगावर अंग टाकलं.

"अवो मावशी, थांबा, थांबा..." वैजयंती ओरडली.

"नीलव्वा," भिंतीकडून आवाज आला, "पायावरनं ऊठ. टाके हाईत तितं."

नीलव्वा किंचाळून मागे सरली ती टोपीवाल्यांच्या अंगावर. मल्लप्पांनी भाता मिटला. त्यांचे कान तापले होते.

"कोन कोन आलंय?" गुरम्माने विचारलं. सांगायचं कुणी, हे ठरेपर्यंत तिनेच पुढे म्हटलं, "वैजू, मला बसव गं. बगू दे तर. कोन आलं आन कोन न्हाय."

वैजयंतीने आणि नीलव्वाने मिळून तिला उठवलं, पाठीशी उशा लावल्या, भिंतीला टेकवलं. दुखल्यामुळे तिने ओठ आवळले, पण ती बसली. बसल्यावर तिने एकेकाच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मठातले माळगे न्हाय आले?"

"येतो म्हणलेत," एक टोपीवाला पुटपुटला, आणि मग त्यालाच आपल्या बोलण्याचं नवल वाटलं.

"आन भीमाशंकर कुटं हाय?"

भीमाशंकर तिचा मुलगा. ऑफिसात त्याला कुणीतरी फोन करून धीर दिला होता. तो धापा टाकत दारात आला, डोक्यावर हेल्मेट तसंच. आई बसलेली पाहून तो उंबऱ्यातच थांबला.

"आई मेली तरी याला हेल्मेट काडाय येईना," गुरम्मा म्हणाली.

पहिल्यांदा सिद्धेश्वर हसला. मग सगळेच हसले, नीलव्वासुद्धा, रडता रडता. भीमाशंकर हेल्मेट काढून भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिला.

"अक्का, माझंच चुकलं," मल्लप्पा म्हणाले.

"चुकलंच. मगाधरनं ऐकतीय मी. ते पद असं म्हणत्यात व्हय?"

मल्लप्पांना वाटलं होतं ती पेटी आणल्याबद्दल बोलेल.

"आपले अप्पा हातमागावर बसून म्हणायचे तवा कसं म्हणायचे? मी शेजारी सुताच्या कांड्या भरत बसायची. तू पाळण्यात होतास, तुला काय ठावं. मागातला धोटा हिकडनं तिकडं जायचा तसं म्हणायचे. तुमी मयतं करून करून पार झोपवलंय त्याला. मेलेल्याला घाई नसती रं मल्लू. मला हाय."

तिने उशाजवळचा स्टीलचा पेला घेतला आणि औषधाच्या चमच्याने त्यावर ठेका धरला. खट खटाक, खट खटाक. मल्लप्पांनी भाता उघडला. पहिल्याच ओळीला ते मागे पडले.

"साकु, साकु," गुरम्माने हात वर केला. पुरे म्हणायला तिच्या तोंडी कन्नडच यायचं. "पुन्यांदा म्हण."

पुन्हा म्हणाले. पुन्हा पेटी मागे आणि पेला पुढे. तिसऱ्यांदा त्यांनी पेटीकडे बघणं सोडलं आणि चमच्याकडे बघितलं, तेव्हा जमलं. शब्द तेच होते. पण मघाशी ते म्हणताना घरमालक दारात येऊन उभा राहिल्यासारखं वाटत होतं. आता जायच्या आधी घर झाडून घ्यावं, भांडी घासून पालथी घालावीत, अशी लगबग त्यात होती. मल्लप्पांनी ते पद किती मयतांपुढे म्हटलं असेल, पण त्यात एवढं काम भरलेलं आहे हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. टोपीवाले टाळ्यांनी साथ देऊ लागले. त्यातला एक जण खालच्या पट्टीत गाऊही लागला. सिद्धेश्वरला हार घेऊन टाळी देता येईना.

"आन हिकडं," गुरम्मा म्हणाली. "माझाच हाय नव्हं?" आणि तो तिने आपल्या पेल्याला घातला.

पद संपलं तेव्हा नीलव्वाला एकदम आठवलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून तिने येताना पिठलं-भाकरी बांधून आणली होती. ती पिशवी जिन्यातच राहिली होती. ती आणून चोरासारखी कोपऱ्यात ठेवत होती, तर गुरम्माने पाहिलंच.

"काय हाय त्यात?"

"काय न्हाय अक्का, असंच..."

"पिठल्याचा वास येतोय की."

नीलव्वाने मान खाली घातली.

"वाड मग. दुसऱ्याच्या मयताचं लई खाल्लं. आज माझं बगू दे."

तिने अख्खी भाकरी खाल्ली. मध्ये एकदा थांबून, पिठल्यात मीठ कमी आहे, म्हणाली. वैजयंती स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ मीठच शोधत राहिली.

मल्लप्पा ताट घेऊन बसले होते, पण त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. अक्का उठून बसली ती पदामुळे, का कोण आलं ते बघायला? भाकरी खाल्ली ती ठेक्याच्या जोरावर, का नीलव्वाला खिजवायला? पेटी तिथे नसती तरी हे झालं असतं का? पेटी नसती तर माणसं आली नसती, एवढं खरं. पण त्याला गाण्याचा प्रभाव म्हणायचं का? विचारावं असं एकदा मनात आलं. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

निघताना गुरम्मा म्हणाली, "सोमवारी ये. आन ते चादरीत गुंडाळून आनू नको. लपवायला काय झालंय?"

चादर तिच्याच पलंगावर राहिली. मल्लप्पा उघडी पेटी पायापाशी ठेवून परत आले. बोळाच्या तोंडाशी दोघं-तिघं उभे होते. त्यांच्यापर्यंत अजून काही पोहोचलेलं नव्हतं. त्यांनी हात जोडले. सिद्धेश्वर आधीच येऊन दुकानात बसला होता. त्याला सगळं माहीत होतं. तरी पेटी दिसताच त्याचा हात सवयीने वर गेला, अर्ध्यावर थांबला, आणि मग तो कान खाजवू लागला.

मल्लप्पांनी स्कूटर थांबवली.

"अक्का म्हणाली, पिठल्यात मीठ कमी होतं," ते म्हणाले, आणि घराकडे गेले.