मधल्या फळीवरची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझ्या बहिणी बिस्किटं भरून दुकानांत गेल्या. मला वैद्यकीय महाविद्यालयाने उचललं, फॉर्मलीन ओतलं आणि आत तीन महिन्यांचा एक गर्भ ठेवला. मुठीत मावेल एवढा, डोळे मिटलेला. तो कधी वाढला नाही, मी कधी रिकामी झाले नाही.

फळीवर आम्ही महिन्यांच्या क्रमाने उभ्या असतो. विद्यार्थ्यांत जो सगळ्यांत मोठ्याने विनोद करतो, तोच आधी खिडकीकडे पळतो. हुशार मंडळी लेबल वाचतात, चेहरा बघत नाहीत. सुट्टीत खोली बंद असते, तेव्हा आतलं पाणी आपोआप हलतं. रस्त्यावरून ट्रक जात असेल. असेलही.

पुढे पडद्यावरची हलती चित्रं आली आणि आमच्यावर धूळ बसली.

एकदा शिकवणाऱ्या बाई एका सासू-सुनेला घेऊन आल्या. नातू आजीच्या कडेवर होता. त्याचा वरचा ओठ दुभंगलेला, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. सून सहाव्या महिन्यात पडदे लावायला स्टुलावर चढली म्हणून हे झालं, असं सासूबाईंनी अख्ख्या वॉर्डाला सांगून ठेवलं होतं. सुनेलाही ते इतकं पटलं होतं, की ती बाळाला हात लावेना.

बाईंनी मला उतरवून पुसलं. "ह्याचा ओठ बघा."

"जुळलाय," सून म्हणाली.

"दुसऱ्या महिन्यातच जुळतो. जुळायचा राहिला तर तेव्हाच राहतो. तुम्ही स्टुलावर चढलात ते कितीतरी नंतर." चेहऱ्याचे भाग कुठून येऊन कुठे मिळतात, हे अशाच बाळांवरून कळलं, उद्याचे टाकेही त्याच माहितीवर पडणार, असं बाईंनी समजावलं.

"मग चूक कुणाची?" सासूबाई हटेनात.

"कुणाचीच नाही, आजी."

आजी इतक्या जवळ आल्या की त्यांचा श्वास माझ्यावर उमटला. "माझं पहिलं एवढंच होतं," त्या हळूच म्हणाल्या. "भरलेली बादली उचलली म्हणून गेलं, असं घरचे म्हणाले. मीही तेच धरून बसले."

बाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली.

आजी बराच वेळ आतल्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग नातू सुनेपुढे धरला. "घे गं. हात भरून आले माझे."

सुनेने त्याला छातीशी घेतलं. श्वासाचा डाग काचेवरून गेला. आतलं पाणी मात्र हलत राहिलं, आणि त्या दिवशी रस्ता बंद होता.

मित्रांनो, माझं फॉर्मलीन कमी होत चाललंय, तेवढं भरा. विनोद खुशाल करा, पण आधी ह्याचा चेहरा बघा. ह्याची आई कोण, लेबलावर लिहिलेलं नाही. तिला कुणी काय सांगून घरी पाठवलं असेल, हेच मी इतकी वर्षं मनात घोळवते आहे.