चौथा कोपरा

मी सतरंजी बोलतेय. मला चिंधी म्हणाल तर याद राखा! रंग गेलाय माझा, वीण अजून घट्ट आहे.

कडा गावच्या बाजारातून जालिंदरनं मला खांद्यावर टाकून आणलं. त्याची बायको चतुराबाई फणकारली, "घरात बसायला येळ कुणाला हाय? हिला आंथरायची कुठं?"

"तळ्यावर," तो म्हणाला. "लोकं महाबळेश्वरला जात्यात, आपुन डोंगराखाली जाऊ."

तेव्हापासून दर दिवाळीच्या सुट्टीत मी तळ्याच्या काठावर. तिथला वारा लई द्वाड. म्हणून माझ्या एका कोपऱ्यावर जालिंदरच्या वहाणा, दुसऱ्यावर भाकरीचं गाठोडं, तिसऱ्यावर पाण्याची कळशी, आणि चौथ्यावर त्यांचा लेक समाधान. तो बदकं बघायला उठला की मी फडकन उलटायचे आणि ठेच्यात माती!

"बूड टेकव की बे!" जालिंदर ओरडायचा. मग तिघंही हसत सुटायची.

पुढं समाधान पुण्याला गेला. जालिंदर तर कायमचाच गेला. मी माळ्यावर उंदरांशी भांडत पडले.

यंदा समाधानचा फोन आला, "आई, सुट्टीत तळ्यावर येतोय." चतुराबाईनं मला उन्हात झोडपून काढलं, डोक्यावर घेतलं आणि आज भल्या सकाळी काठ गाठला. तीन कोपऱ्यांवर दगड ठेवले.

शेळ्या राखणारी साखराबाई म्हणाली, "चौथा उडतोय की गं. ठिवू का धोंडा?"

"हात लावू नको. ती माझ्या लेकाची जागा हाय."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा फोन वाजला. समाधान समोरच्या काठावर उतरला होता, भाड्याच्या तंबूत. "आई, तू इकडेच ये ना. जेवण सांगितलंय. गाडी पाठवतो."

"आपल्याच तळ्यावर मी तुझी पाव्हणी होऊ? कावून? भाकरी घिऊन बसलेय. तू ये."

"बघतो," म्हणाला. माणसं असं म्हणतात तेव्हा बहुतेक येत नाहीत, एवढं मला कळतं.

आता सावल्या लांबल्यात. साखराबाईच्या शेळ्या घरी वळल्या. गाठोड्याची गाठ तशीच आहे. चतुराबाई त्या कोपऱ्यावर स्वतः बसत नाही, दगडही ठेवत नाही. वारा आला की मी उठते, आपटते, पुन्हा उठते. पलीकडून दिसावी इतकी उठते.

समाधान, तुझ्या तंबूला खुंट्या असतील रे. मला माणूस लागतं.