चौकटीला हार, मला टाचण्या

मी एक जुना सूचनाफलक आहे. ग्वाल्हेरच्या हजीऱ्यातल्या बालिकाश्रमाच्या ओसरीत मी दहा वर्षं टांगलेला होतो आणि मित्रांनो, छाती ठोकून सांगतो, माझ्या अंगावरून सरकारी कागद कधी खाली पडला नाही.

म्हणजे, एकदाच पडला. तो मीच पाडला.

उमाजी सुतारानं एका सागवानी फळीतून आम्हा दोघांना काढलं. मोठा तुकडा मी. उरलेल्या पट्ट्यांची झाली चौकट, माझी धाकटी बहीण. तिच्यात आश्रमाचा परवाना बसला. तिला काच मिळाली, दसऱ्याला हार. संचालिका विजयाबाई रोज तिला पदरानं पुसायच्या. मला काय? टाचण्या. त्याही छातीत.

पुढे ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि नियम आला: ज्या कचेरीनं हुकूम काढला तिनंच तो रद्द केल्याशिवाय फलकावरून काढायचा नाही. कारकून मधुसूदनराव नियमाचे पक्के. संस्थानचा ‘पाणी उकळून प्या’ हा जुना हुकूम रद्द करून घ्यायला ते निघाले, तर कचेरीच्या दारात म्हशी बांधलेल्या.

“बाबूजी, दफ्तर तो गया,” म्हशीवाला म्हणाला.

“कुठे गेलं?”

“छह महीने इंदौर, छह महीने यहाँ. आप यहाँ ढूँढोगे, तब वहाँ होगा.”

झालं! एकही कागद निघेना. पटकी, हिवताप, विहिरीत लाल औषध, सगळं एकावर एक. मग मध्य प्रदेश झाला, कचेरी भोपाळला गेली, वर आणखी थर. मी उशीसारखा फुगलो. टाचण्या पुरेनात, म्हणून मधुसूदनराव दाभण वापरायला लागले. तरी हार बहिणीलाच!

एके दिवशी निरीक्षक दौलतसिंह आले. परवाना बदलून द्यायचा होता.

“नया लायसन्स अभी देता हूँ. बस, बोर्ड पर देवी के टीके वाला हुक्म दिखाइए.”

तो कागद सगळ्यात वर होता. पण माझ्या मनात आलं, आता हिला नवा कागद, नवा हार. माझा जळफळाट झाला. मी दाभण सैल सोडला. कागद खिडकीतून बाहेर गेला. बाहेर शेळी होती.

“हुक्म नहीं, तो लायसन्स नहीं,” दौलतसिंह म्हणाले. “लड़कियाँ अलग-अलग जगह भेजनी पड़ेंगी.”

सात वर्षांच्या दुर्गानं धाकट्या पद्माला जवळ ओढलं आणि विजयाबाईंचा हात धरला. “बाई, मी आणि पद्मा एकाच ठिकाणी जाऊ ना?”

या पोरी माझ्यावरचे हुकूम वाचूनच अक्षरं शिकल्या होत्या. मला अशी काही लाज वाटली की मी थरथरलो, खिळा निसटला आणि दहा वर्षांच्या हुकुमांसकट मी खाली टांगलेल्या बहिणीवर कोसळलो. तिचा चुरा झाला. मी दुभंगलो.

त्या धुरळ्यात दुर्गानं बाही वर केली.

“हुकूम शेळीनं खाल्ला. पण टोचलं तर आम्हालाच ना! हे बघा.”

मागोमाग आश्रमातल्या बाकीच्या अठराही पोरींनी बाह्या वर केल्या. प्रत्येक दंडावर देवीचा वण. दौलतसिंहांनी एकेक दंड मोजला, चष्मा पुसला आणि सही केली. “ऐसा बोर्ड पहली बार देखा,” त्या दंडांच्या रांगेकडे बघत ते म्हणाले.

बहिणीच्या तुकड्यांवर त्या दिवशी पाणी उकळलं. उमाजीनं माझ्या धड पट्ट्या कापून नवी चौकट केली. काच बसली, परवाना बसला. विजयाबाईंनी स्वतः हार घातला. आता माझा हेवा करायला समोर एक कोरा फलक टांगला होता. छाती भरून टाचण्या त्याला!

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जुने कागद वेळच्या वेळी काढत जा आणि फलकावरही कधी पदर फिरवा. नाहीतर तो माझ्यासारखा जळत राहतो.

पुढच्याच मंगळवारी भोपाळहून नवा हुकूम आला: परवाने यापुढे चौकटीत न ठेवता सूचनाफलकावर लावावेत. मधुसूदनरावांनी परवाना माझ्यातून काढून समोरच्या फलकावर टोचला. माझी काच लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून गेली.