बादलीभर पाणी

मतदान चारला संपायचं होतं आणि तीनला दोन्ही उमेदवार, सर ऑगस्टस डेव्हनिश आणि वकील मॅकिनर्नी, बरोबरीत होते. सर ऑगस्टसांना घाम फुटला. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातली अकरा गावं त्यांच्या मालकीची, पण राहायचे लंडनला. गेल्या चौदा वर्षांत आयर्लंडला फिरकले ते फक्त निवडणुकीपुरते. कारभारी पर्डीनं कागद पाठवायचे, यांनी सह्या ठोकायच्या, झाला कारभार.

"डोंगरावरचा मलाखी टब्रिडी तेवढा मत द्यायचा राहिलाय," पर्डी म्हणाला. "कूळ आपलंच आहे. मत सगळ्यांदेखत तोंडानं सांगायचं असतं, आपल्याविरुद्ध बोलून घर घालवायची त्याची छाती नाही. पण म्हातारा पायानं अधू. आणि मला इथून हलता येत नाही."

"मग मीच आणतो त्याला," म्हणत साहेब बग्गीत बसले.

झोपडीत धूर कोंडला होता. मलाखी कोट चढवून तयारच होता. त्याची बायको ओनी लगबगीनं पुढं झाली. "बसा सरकार, चुलीपाशी बसा. माझ्या सासूच्या सासूपासून हा विस्तव कधी विझलेला नाही."

साहेबांचं लक्ष कुठलं? खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलेलं. कोपऱ्यातली बादली त्यांनी उचलली आणि सरळ चुलीत ओतली. "हां, आता जरा श्वास घेता येईल."

ओनी राखेत हात घालून निखारा शोधू लागली. मलाखीनं ओल्या राखेकडे पाहिलं. मग "चला" एवढंच म्हणाला. भिडस्त आहे बिचारा, असं साहेबांना वाटलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना मलाखी काठी टेकत मतदानाच्या चौथऱ्यावर चढला.

"मत कुणाला?" मतदान अधिकाऱ्यानं विचारलं.

"वकील मॅकिनर्नींना."

पर्डी पांढराफटक पडला. "डोकं फिरलं का रे तुझं? घर जाईल!"

"गेलं की, कारभारी. तुमची माणसं येतात, आधी चूल विझवतात, मग आम्हाला बाहेर काढतात. आज सरकार स्वतः आले, एवढंच."

पर्डी सावकाश वळला. "चूल विझवलीत तुम्ही?"

"धूर होत होता," साहेब पुटपुटले.

कुळं हुसकल्याच्या पर्डीच्या प्रत्येक कागदाची पहिली ओळ तीच असायची: चूल विझवून घर ताब्यात घेतलं. चौदा वर्षं साहेबांनी त्या ओळीखाली सही केली होती. ती वाचली मात्र एकदाही नव्हती.

चारचे टोले पडले.