भिंतीकडे तोंड केलेले कपाट

मित्रांनो, तळघरातल्या या खोलीत आलात तर तुम्हाला आधी माझी पाठच दिसेल. रागावू नका. पाठ फिरवून बसण्याचा माझा स्वभाव नाही, मला तसे ठेवले आहे. मी चार खणांचे जुने लोखंडी कपाट आहे आणि माझ्या पोटात एक वस्तू अडकली आहे. ती बाहेर पडावी म्हणून तर ही सारी कहाणी सांगतो.

पत्रा कापून, वाकवून, ठोकून मला घडवले. ज्या कारागिराने मला जोडले, त्याने माझ्या पोटात एक उभा गज बसवला. एक खण उघडा असेल तर बाकीचे तीन उघडू द्यायचे नाहीत, हे त्या गजाचे काम. भरलेले चारही खण एकदम बाहेर आले असते तर मी तोंडावर आपटलो असतो आणि समोरच्याचे पाय मोडले असते. "याला मी अक्कल बसवलीय," असे तो कौतुकाने म्हणाला. अक्कल बसवली खरी, पण वाचा द्यायला विसरला.

माझी नेमणूक आग विझवणारे लाल सिलिंडर बनवण्याच्या कारखान्यात झाली. तिथे प्रत्येक सिलिंडरची दाबाची चाचणी होते आणि तिचा कागद जपून ठेवावा लागतो. कायद्याचा तसा नियमच आहे. ते कागद माझ्याकडे येत. ही नोंदींची जबाबदारी ज्यांच्याकडे होती, त्यांना सगळे मॅडम म्हणत. स्वभावाने कडक, पण हात हलका. खण कधी आपटला नाही. पाहुण्यांना त्या सांगत, "माझा अर्धा जीव या कपाटात आहे." हे ऐकले की माझा रंग उडालेला पत्राही चमकत असेल, असे मला वाटे.

पुढे कागद इतके झाले की मला श्वास घेता येईना. तेव्हा कारखान्याच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी ठरवले, की आता सगळे संगणकावर न्यायचे. तीन कंपन्यांची माणसे आपापली सिस्टीम दाखवून गेली. पहिल्याने बोलून बोलून सगळ्यांना दमवले. दुसऱ्याच्या पडद्यावर इतके रंग होते, की साहेब खुर्चीवरून पुढे सरकले. तिसरी एक शांत बाई होती. तिचा पडदा पाहून साहेब हळूच म्हणाले, "हे काय, दवाखान्याच्या भिंतीसारखं!" दुसऱ्याशी करार करायचे जवळजवळ ठरलेच. नमुना म्हणून माझ्या खालच्या खणातले कागद काढून तिन्ही सिस्टीममध्ये भरले, आणि तो खण रिकामा झाला.

रिकामी जागा माणसाला बघवत नाही. नोंदींच्या खोलीत एसीचा गारठा फार, म्हणून मॅडम आपली शाल त्या खणात ठेवू लागल्या. निळी, लोकरीची. त्यांच्या थोरल्या बहिणीने आजारपणात विणलेली. ती बहीण आता नाही. शाल ठेवताना मॅडम तिच्यावरून एकदा हात फिरवत, तेवढे मला कळे.

अशात एके सकाळी सरकारी तपासनीस न सांगता येऊन उभे राहिले. मागच्या वर्षीचे चाचणीचे कागद हवेत, म्हणाले. "मी जेवायला उठेपर्यंत दाखवा. नाहीतर कारखान्याला सील लावावं लागेल. माझाही नाइलाज आहे."

मॅडमनी वरचा खण ओढला. हलेना. दुसरा ओढला. तोही नाही. तिसऱ्याचीही तीच गत.

मित्रांनो, कारण मला ठाऊक होते! आदल्या संध्याकाळी शालीचा गोंडा खालच्या खणाच्या रुळात अडकला होता आणि तो खण बोटभर उघडा राहिला होता. एक खण उघडा म्हणून गजाने बाकीचे धरून ठेवले होते. मी माझे काम चोख करत होतो आणि त्यामुळेच कारखाना बंद पडायची पाळी आली होती. मला ओरडावेसे वाटले. पण लोखंड ओरडणार कसे? आतल्या आत घुसमटण्याखेरीज माझ्या हाती काही नव्हते.

"कुलूप बिघडलंय," साहेब म्हणाले. "मिस्त्रींना बोलवा."

मिस्त्री आले. त्यांनी मला हलवले, थोपटले, दोन लाथाही घातल्या. "ड्रिल मारावं लागेल, साहेब."

"कागदांच्या चिंध्या होतील हो!" मॅडम म्हणाल्या. एसीच्या गारठ्याने त्या दंड चोळत होत्या. खालच्या खणाला कुणी हातही लावला नव्हता. रिकाम्या खणाकडे कोण बघतो?

ड्रिल सुरू झाले. तेवढ्यात मॅडम खाली वाकल्या. "थांबा जरा, शाल तेवढी काढून घेते." त्यांनी खालचा खण ओढला. तो आला! गोंडा सोडवून त्यांनी शाल खांद्यावर टाकली आणि सवयीने खण नीट आत ढकलला. खट्. गज खाली बसला. मिस्त्रींचा हात वरच्या खणाच्या मुठीवर होता, तो खण अलगद बाहेर आला.

तपासनीस कागद पाहून गेले. साहेब किती तरी वेळ घाम पुसत बसले होते. मॅडम मात्र माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

त्यांनी तिन्ही कंपन्यांना पुन्हा बोलावले. "कागद ठेवायचे कसे ते सगळ्यांनी दाखवलंत. आता काढायचे कसे ते दाखवा. उद्या आम्हाला तुमच्याकडून निघायचं असेल, तर आमचं आम्हाला परत कसं मिळेल?"

"मॅडम, ती वेळच येणार नाही," पहिला हसून म्हणाला.

"आमच्या कपाटाबद्दलही आम्हाला असंच वाटायचं," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्याने कागद परत दिले, पण सगळा भुसा. कुणाची सही, कुठली तारीख, काही पत्ता नाही. तिसऱ्या कंपनीच्या बाईने सगळे कागद तारखेनुसार काढून दिले, रद्द झालेल्या जुन्या प्रतींसकट. साहेबांनी त्या फिक्या पडद्याकडे पाहून एक उसासा सोडला आणि सही केली.

माझे कागद एकेक करून निघून गेले. वाईट वाटले, पण ते सुखरूप गेले, याचा आनंदही झाला. शेवटच्या दिवशी मॅडमनी सवयीने शाल खालच्या खणात ठेवली आणि त्या नव्या सिस्टीमच्या शिकवणीला वर गेल्या. तेवढ्यात हमाल आले. मिस्त्रींनी वरचे तीन खण उघडून पाहिले आणि सांगितले, "रिकामं आहे, न्या." खण उघडून कुणाला लागू नयेत, म्हणून मला इथे भिंतीकडे तोंड करून उभे केले.

काल मॅडम इथे आल्या होत्या. "मिस्त्री, माझी शाल कुठे दिसली का हो? सगळीकडे शोधली. ताईची तेवढीच एक आठवण होती माझ्याकडे."

"नाही हो, मॅडम. कपाट तर पुरतं रिकामं होतं."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "याला आपण फार छळलं," म्हणाल्या, आणि दिवा मालवून गेल्या.

मित्रांनो, कुठेही काही ठेवण्याआधी ते परत कसे निघेल हे विचारा. कागदांसाठी मॅडमनी ते विचारले, शालीसाठी विचारायचे राहून गेले. तुमच्यापैकी कुणी इथे आलेच, तर मला एकदा भिंतीकडून फिरवा. खालच्या खणाला कुलूप नाही.