झोपेच्या मंत्राचा निवाडा

विस्कॉन्सिनमधल्या त्या लहानशा गावात हिवाळ्यातली शनिवारची दुपार मार्लिस ट्वेटच्या तळघरातच काढायची, हे चौघा मित्रमैत्रिणींचं ठरलेलं होतं. मार्लिस एरवी शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची. शनिवारी मात्र ते टेबलाभोवती बसून फासे टाकत कल्पनेतल्या साहसांचा एक खेळ खेळत आणि त्यातली भुयारं, राक्षस आणि शाप तिच्या ताब्यात असत. खेळ ती चालवायची आणि नियमाचा अर्थ लावायचा हक्कही तिचाच.

त्या दिवशी तिने फासा टाकला आणि व्हर्लिनकडे बघून म्हणाली, "झोपेचा मंत्र लागला बाबा. तुझा जादूगार गाढ झोपला."

व्हर्लिन हॉगन मोटारींच्या कारखान्यात कामाला होता. सकाळभर बर्फ उपसून तो तसाच आला होता. त्याने टेबलावर हात दुमडले आणि डोकं टेकवलं.

"वा! नाटक कंपनीत जा तू," शेजारी बसलेली लेनोरा हसली.

इकडे खेळातल्या भुयाराचं छत खाली यायला लागलं होतं. लेनोरा म्हणाली, "मी त्याला हलवून उठवते."

"नाही उठवता येत," तिचा भाऊ ऑरिन म्हणाला. तो टपाल कचेरीत होता आणि नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ. "वाच ना. 'मार बसल्यास जाग येते.' हलवणं म्हणजे मार का?"

"पुढचं वाच की, शहाण्या! 'किंवा दुसऱ्याने उठवल्यास.'"

"ते साध्या झोपेबद्दल आहे. मंत्राच्या झोपेबद्दल नाही."

"कुठे लिहिलंय तसं?"

"कुठे नाही लिहिलंय?"

दोघांची जुंपली. मार्लिसने पुस्तक ओढून घेतलं. वाक्य खरंच दोन्हीकडे झुकत होतं. मधेच व्हर्लिन काहीतरी पुटपुटला. शब्द जाड, एकमेकांत अडकलेले.

"झोपलेल्याने बोलायचं नाही!" ऑरिन ओरडला. सगळे पुन्हा हसले. मार्लिससुद्धा.

वाद चांगला वीस मिनिटं चालला. शेवटी मार्लिस म्हणाली, "निवाडा ऐका. हलवलं की जाग येते. लेनोरा, हलव त्याला."

लेनोराने हात लांब करून व्हर्लिनचा खांदा गदागदा हलवला. त्याचा हात टेबलावरून घसरला आणि खाली लोंबकळत राहिला.

"पुरे रे आता," ऑरिन म्हणाला.

मार्लिसला दिसलं ते त्याच्या वहीचं पान. व्हर्लिनच्या गालाखाली ते भिजून चिंब झालं होतं. तळघरात एवढी थंडी, की सगळे स्वेटर घालून बसलेले, आणि हा माणूस घामाने निथळत होता. तिने त्याच्या मानेला हात लावला. गार, चिकट.

व्हर्लिनला साखरेचा आजार होता. तो रोज इन्सुलिनची सुई टोचून घेतो, हे त्याने फक्त तिला सांगितलं होतं, तेही कुणाला न सांगण्याच्या बोलीवर.

"व्हर्लिन! अरे व्हर्लिन!"

काही नाही.

"ऑरिन, वर जा, ॲम्ब्युलन्सला फोन कर. साखर उतरलीय म्हणून सांग. पळ! लेनोरा, कपाटातला मध आण."

ऑरिन जागचा हलेना. "पण तो... तो तर नाटक करत होता..."

"जा म्हणते ना!"

तिने एकटीने त्याला जमिनीवर घेतलं, कुशीवर वळवलं. लेनोराने मधाबरोबर सरबताची बाटलीही पुढे केली. "नको, घशात अडकेल," मार्लिस म्हणाली. बोटावर मध घेऊन ती त्याच्या गालाच्या आत चोळत राहिली. त्याचे दात मिटलेले, श्वास थांबून थांबून येणारा. दोन श्वासांमधलं अंतर वाढलं की ती त्याच्या तोंडाशी कान न्यायची. 'आपण हसलो,' एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. 'तो मदत मागत होता आणि आपण हसलो.'

बर्फातून वाट काढत गाडी यायला पाऊण तास लागला. गाडीतून आलेल्या नर्सने त्याच्या दंडात सुई खुपसली. काही मिनिटांनी व्हर्लिनने डोळे उघडले आणि खोलीभर अशा नजरेने पाहिलं, जणू कुणालाच ओळखत नाही. मार्लिसला तीच नजर सगळ्यात जास्त भेडसावली.

तिसऱ्या शनिवारी तो परत आला तो घुश्शातच.

"सगळ्यांसमोर लाळ गळत होती ना माझी?"

"हो," मार्लिस म्हणाली. "जेवून आलास का?"

"तू माझी आई आहेस का?"

"जेवून आलास का, ते सांग आधी."

ऑरिनने सँडविचची ताटली त्याच्यापुढे सरकवली. व्हर्लिन खाऊ लागला. तो घास चावतो आहे, गिळतो आहे, हे मार्लिस बघत राहिली. पाळी तिचीच होती, तरी त्याची ताटली रिकामी होईपर्यंत तिने फासा उचलला नाही.